डाव्या काचेवरची वाफ

नाना गाडीत बसायच्या आधी डावीकडचं दार उघडायचे. उघडून, कडीवर हात ठेवून, थोडे वाकून उभे राहायचे. आत बसणाऱ्या बाईने लुगड्याचा काठ आत ओढून घ्यावा इतका वेळ. मग दार हळूच लोटायचे, वरून तळहाताने दाबायचे, गाडीला वळसा घालून आपल्या जागेवर जायचे. आत कोणीच बसलेलं नसायचं.

नवीन माणसाला वाटायचं, ही ड्रायव्हरकीची सवय असेल. तसं वाटणं चूक नव्हतं. नानांनी सारा जन्म एका जिनिंगवाल्या शेठची गाडी चालवली होती. शेठसाठी, शेठाणीसाठी दार उघडून उभं राहणं हातात मुरलेलं. पण आम्हा गल्लीतल्यांना माहीत होतं. शेठचं दार मागचं असतं. हे पुढचं, डावीकडचं दार नानी गेल्यावर उघडायला लागलं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. सगळी हयात जळगावात गेली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. उंच, वाळलेले, डोक्यावर ड्रायव्हरची पांढरी टोपी. नोकरी सुटली तरी टोपी सुटली नाही. हॉर्न वाजवायचे नाहीत. पुढे बैल आडवा आला तर बंद काचेच्या आतून हळू म्हणायचे, "सरक ना दादा." आणि बैल सरकायचा. सरकला नाही तर थांबायचे. माझा नवरा म्हणायचा, नानांच्या गाडीपेक्षा पायी लवकर पोचतं माणूस.

जिनिंग बंद पडली तेव्हा शेठने आपली जुनी विलायती गाडी नानांना देऊन टाकली. काळी, गोल पाठीची, पुढची काच दोन भागांची, मधे उभी पट्टी. गल्लीतली पोरं तिला कासव म्हणायची. ती थंड मुलखात बनलेली, म्हणून तिच्यात हिटर होता. हिटर म्हणजे काय हे मी नानांकडूनच ऐकलं, आणि इतक्यांदा ऐकलं की आता मला पाठ आहे. इंजिनातलं कढत पाणी दोन रबरी नळ्यांतून आत येतं, डॅशबोर्डच्या मागे एक लहान जाळी असते, वहीएवढी, रेडिएटरचं पिल्लूच म्हणा. पाणी तिच्यातून फिरतं, मागून पंखा वारा घालतो, आणि ती ऊब खाली पायाशी आणि वर काचेवर येते.

गाडी घरी आली त्याच उन्हाळ्यात ती जाळी गळायला लागली. आमच्याकडचा उन्हाळा. दुपारी लोखंडी कडीला हात लागला तर चटका बसतो. इथे कसला हिटर, म्हणून नाना सगळ्यांदेखत हसले. "आठे हिटर कोनले लागस?" त्यांनी जाळी काढून टाकली, दोन नळ्यांची तोंडं एकमेकीला जोडून दिली आणि हात झटकले. आमच्याकडे सगळे हेच करतात. कोणताही मेकॅनिक हेच सांगेल. ती तांब्यापितळेची जाळी नानीने दारावर आलेल्या भांडेवालीला मोडीत घातली आणि बदल्यात एक पितळी गडू घेतला. गडू घेऊन ती आमच्याकडे दाखवायला आली होती. ठेंगणी, गोरी, हसताना तोंडावर पदर धरणारी. माझ्या सासूबाईंना म्हणाली, "देखा अक्का, मोटारना गडू व्हई गया." सासूबाई म्हणाल्या, "जप वं बाई. पाणी पिताना हॉर्न वाजीन."

नानी गेली ती हिवाळ्यात. बहिणीकडे चोपड्याला गेली होती, तिकडे हिवताप भरला. निरोप आला तसे नाना गाडी घेऊन गेले आणि पहाटे तिला घेऊन निघाले. पौषातली पहाट होती. तिकडे सातपुड्याचा वारा अंगावर येतो. सरकारी दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात चढला होता, कशानेही वाचली नसती.

दिवसकार्य झालं, लोक पांगले. मग एका दुपारी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी आत गवार मोडत होते. मी फारशी बोलत नाही, म्हणून माणसं मी असूनही नसल्यासारखी बोलतात. नाना सासूबाईंना सांगत होते.

"अक्का, ती कुडकुडत व्हती. दोन गोधड्या पांघरेल, तरी दात वाजेत. मन्हाकडे देखीसन म्हने, हिटर लाई द्या ना."

"अरे, पण तिनेच तर मोडीत घातली ना जाळी?"

"तापमा इसरी गयी. माले काय बोलता येई? मी म्हनं, लावस, लावस. खुटी फिरावी. पंखा चालू व्हई गया. थंडगार वारा. तिनी दोन्ही हात पुढे धरात. चुल्हापुढे धरतस ना, तसे. आनि म्हने, आते ऊब लागस."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले.

"त्यानंतर बोलनी नही," नाना म्हणाले. "अक्का, तिले खरंच ऊब लागनी, का माले बरं वाटावं म्हनीसन बोलनी?"

तो प्रश्न त्या दिवसापासून नानांच्या तोंडावर राहिला. ते हसले तरी तो खाली दिसायचा.

मग सुरू झाला जाळीचा शोध. धुळ्याच्या भंगारात, भुसावळच्या भंगारात, नाशिकपर्यंत. तशी जाळी कुठे मिळणार? ती गाडी बनायची बंद झालेली. शेवटी नेरी नाक्याकडे रेडिएटरचं काम करणारे उस्मानभाई होते, त्यांना नाना म्हणाले, बनव. उस्मानभाईंनी हात जोडले. "नाना, दोन नळ्या जोडलेल्या आहेत, राहू द्या. जळगावात हिटर? लोक मला दुकानावर येऊन हसतील."

"हसू दे. तू बनाव."

ट्रॅक्टरच्या जुन्या रेडिएटरचा तुकडा कापून, त्याला दोन बाजूंना पत्रा झाळून, उस्मानभाईंनी एक जाळी बनवली. पहिलीच होती, ओबडधोबड. ती बसवली आणि नाना गाडी घेऊन एकटेच फिरून आले. वैशाख होता. काचा बंद, हिटर चालू. उतरले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, टोपीतून घाम गळत होता. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "काबरं रे नाना, जीव द्यायचा हाये का?" नाना म्हणाले, "आते चालस, अक्का." एवढंच.

पण ती जाळी किंचित गळत होती. उन्हाळ्यात कळायचं ते खालच्या तरटावरून. डाव्या जागेपुढे, पाय ठेवायच्या ठिकाणी, तरट ओलं व्हायचं. नाना ते बाहेर काढून उन्हात टाकायचे. एकदा सासूबाई सहज बोलून गेल्या, "नानी पाय धुऊन बसते काय रे गाडीत?" बोलल्या आणि जीभ चावली. नाना मात्र तरटाकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. कोणीतरी आपल्या मनातलं बोललं की माणूस गप्प होतो, तसे ते गप्प झाले.

आणि मग हिवाळा आला.

सकाळी मी नळावर होते. नाना धावत आले. धावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "अक्का, भायेर ये. देख." सासूबाई आणि मी गेलो. गाडी सुरू होती. पुढची उजवी काच लख्ख होती. डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती. पांढरी, मऊ. खाली जास्त, वर विरत गेलेली. थंडीत आरशासमोर तोंड धरून बसल्यावर धरते तशी.

"श्वास शे," नाना म्हणाले.

सासूबाई हसतील असं मला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी गाडीकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

उस्मानभाई एकदा टोपली भरून बोरं घेऊन आले तेव्हा त्यांनी काचेकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. "नाना, जाळी गळते आहे. वाफ तिचीच. घेऊन या, झाळून डाग देऊन टाकतो."

"माले माहीत शे, गळस. पन एकच बाजूले काबर?"

"अहो, उजव्या काचेकडे वारा नेणारी नळी फाटलेली आहे ना! ती बदलली की तिकडेही जाईल वाफ."

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.

म्हणजे नानांना सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणाले, नानांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. नव्हता झाला. जाळी कुठे गळते, पाणी किती जातं, वाफ कुठून येते, सगळं त्यांना कळत होतं. कळूनही त्यांनी ते तसंच ठेवलं. रोज सकाळी नानीचा तो पितळी गडू भरून आणायचे आणि रेडिएटरमधे ओतायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिना चहा."

डाव्या जागेवर कोणाला बसू द्यायचे नाहीत. कोणाला दवाखान्यात न्यायचं असो की लग्नाला, माणसं मागे. मी तर त्या गाडीशेजारून नळावर जाताना डोक्यावरून पदर घ्यायला लागले. मोठी बाई बसलेली असली की आपण घेतो तसा. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जायचा.

नानांची एकच मुलगी, मंगला, अमळनेरला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी आई नाही. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही हावोत. घेऊन ये पोरीला." ओटी भरून झाली की तिला आणायचं ठरलं. पोटुशी पोरीला आणायला बाईमाणूस बरोबर पाहिजे. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेले. मागे बसले.

अमळनेरला चहापाणी झालं. मंगला बाहेर आली. नानांनी सवयीने डावीकडचं दार उघडलं आणि वाकून उभे राहिले. मंगलाला वाटलं आपल्यासाठी. ती बसायला गेली.

"माय, तू मांगे बठ," नाना म्हणाले.

"मांगे माले मळमळस, नाना."

आणि ती बसलीसुद्धा. नाना दार धरून तसेच उभे. तिची सासू दारातून बघत होती, शेजारच्या बाया बघत होत्या. नानांनी दार लोटलं.

थंडी होती. धरणगावच्या अलीकडे काचेवर वाफ धरायला लागली. आधी खाली, मग वर चढत. मंगलाने पदराचं टोक हातात घेतलं आणि पुसायला हात उचलला.

"पुसू नको!"

नाना ओरडले. मंगलाचा हात तिथेच थांबला. मी मागे दचकले. आणि त्याच वेळी डावीकडच्या शेतरस्त्यातून कापसाने भरलेली बैलगाडी वर आली. मला बाजूच्या काचेतून दिसली. पुढून नानांना दिसायला नको होती का? दिसली नाही. डावी काच पांढरी होती. मी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. मंगला किंचाळली. नानांनी ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन थांबली, बैलाचं शिंग बॉनेटवर टेकलं. गाडीवान खाली उतरून नानांना नाही नाही ते बोलला. "म्हातारा, काच आंधळी शे का तू आंधळा?"

मंगला दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. तिने खाली पाहिलं. जाळीचं पाणी सांडून तिची पावलं ओली झाली होती.

"नाना, हाई काय शे?"

मग तिलाच समजलं. गल्लीतलं बोलणं अमळनेरपर्यंत पोचलेलंच असणार. ती रागावली नाही, हे मला जास्त लागलं. हळूच म्हणाली, "मन्ही माय आठे नही शे, नाना. आठे मी शे."

नानांनी खिशातून रुमाल काढला. तो हातात धरून काचेकडे बघत बसले. मग तिच्या पुढून हात नेऊन त्यांनी काच पुसली. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, कोपरेसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी नानांनी उस्मानभाईंना नवी जाळी करायला सांगितलं, आणि आठवड्याने ते आमच्या गल्लीत आले. लिंबाखाली गाडीचं पोट उघडलं. पाणी सोडलं, नळ्या काढल्या, डॅशबोर्ड सगळा खाली उतरवला, तेव्हा कुठे ती जाळी हाताला आली. हिरवी पडलेली, गंज धरलेली. या खेपेला उस्मानभाईंनी नवी जाळी चांगल्या पितळी नळ्यांची केली होती, डाग बारीक आणि सारखे. उजवीकडची फाटकी नळीही बदलली. बसवण्याआधी जाळी तपासायची असते. ती पाण्यात बुडवून तिच्यात हवा भरायची, गळत असेल तर बुडबुडे येतात. माझ्याकडचं घंगाळ मागितलं. मी भरून आणून ठेवलं आणि खांबाला धरून उभी राहिले.

उस्मानभाईंनी जाळी बुडवली, पंपाने हवा मारली. एक बुडबुडा आला नाही. "देखो नाना, थेंब गळणार नाही," म्हणाले आणि जाळी वर काढायला लागले. नानांनी त्यांचा हात धरला.

"थांब जरा."

नाना घंगाळावर वाकले. पाणी स्थिर होतं. त्यात लिंबाची पानं दिसत होती आणि नानांचा चेहरा. ते एवढा वेळ बघत राहिले की उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. बुडबुडा आला नाही.

"बसाड," नाना म्हणाले.

मंगलाला कळा सुरू झाल्या त्या अशाच थंडीतल्या पहाटे. मी मागे, ती पुढे. दोन्ही काचा लख्ख. हिटर चालू. दवाखाना येईपर्यंत नाना एकही शब्द बोलले नाहीत, बैलालाही "सरक ना दादा" म्हणाले नाहीत. चक्क हॉर्न वाजवला. दवाखान्याचं फाटक आलं तेव्हा त्यांनी डोळे क्षणभर मिटले, हे मला आरशात दिसलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

घरी आणतानाही थंडी होतीच. मंगला बाळ मांडीवर घेऊन पुढे बसली. थोडं अंतर गेल्यावर तिने एक हात पुढे केला आणि तळवा हिटरच्या फटीपुढे धरला. चुलीपुढे धरतात तसा. तिला काय माहीत! नानांनी ते पाहिलं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"ऊब लागस का?"

"लागस ना."

"खरं सांग."

"अरे, लागस म्हनं ना."

"मन्हासाठी नको बोलू, माय. खरं सांग. लागस का?"

मंगलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम हसायला लागली. "नाना, बंद कर ना रे आते! आठे भरीतनं वांगं भाजाई जाई! पोरीनं तोंड देख, लाल व्हई गयं!"

खरंच, बाळाचं तोंड लालबुंद झालं होतं, केसांशी घाम होता. नानांनी बाळाच्या कपाळाला हळूच बोट लावलं. ओलं बोट स्वतःच्या डोळ्यांपुढे धरून बघितलं. मग त्यांनी टोपी काढली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. नानीच्या वेळी ते रडले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या. मंगला त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी खाली मान घालून बसले. हिटर मात्र कोणी बंद केला नाही.

सव्वा महिन्याने मंगला सासरी गेली. इथे संपलं असं मला वाटलं होतं. एका सकाळी नाना सवयीने गडू भरून बाहेर आले. बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ होतं. आता ते कमी व्हायचं कारणच नव्हतं. नाना गडू हातात घेऊन उभे राहिले. ओतायला जागा नव्हती. थोड्या वेळाने गडू तसाच भरलेला घेऊन आत गेले. पुन्हा तो बाहेर दिसला नाही.

त्या सुमाराला कधीतरी माझ्या लक्षात आलं की गाडीशेजारून जाताना मी पदर घेत नाही. डाव्या काचेतून आतली जागा सरळ दिसायची. रिकामी जागा, फाटका रेक्झिन. नाना दार मात्र अजून उघडायचे. उघडून उभे राहायचे आणि लोटायचे. पण पूर्वीइतकं थांबायचे नाहीत.

पुढे आम्ही ती गल्ली सोडली. नंतर नानांना पाहिलं ते एकदाच. हिवाळ्यात मी एसटीने असोद्याला माहेरी चालले होते. रेल्वेचं फाटक पडलं, बस थांबली. खाली माझ्या खिडकीशेजारीच ती काळी गाडी उभी. वरून आतलं सगळं दिसत होतं. नाना एकटे. काचा बंद. टोपी तीच. हाक मारावी असं मनात आलं, पण भर बसमधे मला ते जमण्यासारखं नव्हतं.

नाना डावीकडे सरकले. रिकाम्या जागेवर हात टेकून पुढे वाकले आणि डाव्या काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला. काचेवर वाफ धरली, भाकरीएवढी. ते मागे होऊन बघायला लागले. पण हिटर चालू असणार. त्याचा ऊन वारा काचेवर येत होता. वाफ कडेकडेने विरत गेली, वाटीएवढी झाली, मग कुंकवाएवढी, मग काच लख्ख झाली.

नानांनी पुन्हा वाकून श्वास सोडला.

आगगाडी धडधडत गेली. फाटक वर झालं. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला, सायकलवाले पुढे निघाले, आमची बसही हलली. नाना हलले नाहीत. ते पुढे वाकलेलेच होते. माझी खिडकी त्या डाव्या काचेवरून पुढे सरकली तेव्हा काचेवर नुकतीच धरलेली वाफ होती.

मी डोक्यावरून पदर घेतला.